किल्ली कुणाच्या खिशात? स्वस्त टॅब आणि त्यावरचं कुलूप



आजचा विषय जाहीर झाल्यावर काहींनी विचारलं, तत्त्वज्ञानाच्या व्याख्यानमालेत टॅब कुठून आला? दुकानदारानं सांगायच्या गोष्टी प्राध्यापकानं कशाला सांगायच्या? आमचं उत्तर असं की वस्तूची किंमत दुकानदार सांगतो, तिचं मोल मात्र आपल्यालाच ठरवावं लागतं. आणि 'टॅब्लेट' या शब्दाचा मूळ अर्थ तरी काय? लिहायची पाटी. आपल्यापैकी अनेकांनी दगडी पाटीवर अक्षर गिरवलं. त्या पाटीत एक गुण होता, जो आपल्याला कधी गुण वाटलाच नाही. तिच्यावर काय लिहायचं हे पाटी ठरवत नसे. गुरुजी ठरवत, आई ठरवत असे, आणि गुरुजींची पाठ वळली की आपण ठरवत असू. आज मुलांच्या हातात येणारी नवी पाटी मात्र स्वतःच ठरवते. म्हणजे खरं तर पाटीमागे बसलेलं कुणीतरी ठरवतं. ते कोण, आणि त्याला हा अधिकार कुठून मिळाला, हा प्रश्न तत्त्वज्ञानाचाच आहे.

तेव्हा आज आपण तोलणार आहोत ती वस्तू अशी: दहा-बारा हजारांच्या आत मिळणारा, किंवा एखाद्या योजनेतून फुकट मिळालेला टॅब, ज्याची ऑपरेटिंग सिस्टिम कुलूपबंद आहे. हा विषय दूरचा नाही. मुंबई महापालिकेनं २०१५ मध्ये आपल्या शाळांतल्या आठवीच्या विद्यार्थ्यांना अभ्यासक्रम भरलेले टॅब दिले. नागपूरची 'महाज्योती' ही संस्था जेईई, नीट, सीईटीची तयारी करणाऱ्या मुलांना टॅब आणि इंटरनेट देते. हरियाणानं २०२२ मध्ये दहावी ते बारावीच्या सरकारी शाळांतल्या मुलांना टॅब वाटले, त्यावर नियंत्रणाचं सॉफ्टवेअर होतं. अशा योजना येत राहणार, आणि यायलाही हव्यात. म्हणूनच ही चर्चा आता करायची.

आधी कुलूप म्हणजे नेमकं काय, ते समजून घेऊ. कारण 'लॉक' म्हटलं की आपल्याला पडद्यावरचा चार आकडी पिन आठवतो. तो पिन आपला असतो, तो इथे अभिप्रेत नाही. इथे कुलपं तीन आहेत, एकावर एक.

पहिलं कुलूप अगदी तळाशी. टॅब सुरू करताच जो पहिला छोटा प्रोग्रॅम चालतो त्याला बूटलोडर म्हणतात. तो पुढच्या सॉफ्टवेअरवर कंपनीची डिजिटल सही आहे का ते तपासतो. सही जुळली तर दार उघडतो, नाही तर नाही. यात वाईट काही नाही. कुणी मधल्या मधे खोडसाळ सॉफ्टवेअर घुसवू नये म्हणून ही तपासणी उपयोगाची आहे. प्रश्न एवढाच की मालकाला हवं असेल तर हे कुलूप उघडण्याची सोय ठेवली आहे का? काही कंपन्या ठेवतात, पुष्कळशा ठेवत नाहीत.

दुसरं कुलूप व्यवस्थापनाचं. याला एमडीएम म्हणतात. शाळा, सरकार किंवा कंपनी दूर बसून हजारो टॅबवर हुकूम सोडू शकते: हे ॲप चालेल, ते चालणार नाही, कॅमेरा बंद, यूएसबी बंद. अँड्रॉइडमध्ये या सर्वाधिकारी ॲपला जे नाव आहे ते मंडळींनी जरा लक्ष देऊन ऐकावं. त्याला 'डिव्हाइस ओनर' म्हणतात. म्हणजे उपकरणाचा मालक! ही उपाधी टॅब हातात धरणाऱ्या मुलीला नाही, पैसे भरणाऱ्या तिच्या वडिलांना नाही, तर एका ॲपला आहे. अभियंत्यांनी हे नाव सहज ठेवलं असेल. पण कधी कधी सहज पडलेलं नावच खरं बोलून जातं.

तिसरं कुलूप दुकानाचं. ॲप घ्यायचं तर ठरलेल्या एकाच दुकानातून, आणि त्या दुकानात काय मांडायचं ते दुकानाचा मालक ठरवणार.

आता यातली गंमत पाहा. अँड्रॉइडच्या पोटात लिनक्सचं केर्नेल आहे. ते ज्या परवान्याखाली मिळतं, त्या परवान्याचा आत्मा असा की ज्याच्या हाती प्रोग्रॅम पोचला त्याला तो वाचता, बदलता आणि पुढे देता यावा. पण वाचलं, बदललं, आणि उपकरणानं ते बदललेलं चालवायलाच नकार दिला तर? अमेरिकेत 'टिवो' नावाच्या टीव्ही रेकॉर्डरनं नेमकं हेच केलं. त्यावरून असा वाद पेटला की २००७ मध्ये त्या परवान्याची तिसरी आवृत्ती काढून ही पळवाट बुजवावी लागली. लिनक्सचं केर्नेल मात्र दुसऱ्या आवृत्तीवरच राहिलं. म्हणजे आज आपल्या हातात जे येतं ते असं: पुस्तक खुलं, पण ज्या कपाटात आहे त्याला कुलूप.

एवढी तयारी झाल्यावर आता वस्तूकडे वळू. असा एक टॅब आम्ही काही आठवडे वापरून पाहिला. कंपनीचं नाव घेत नाही, कारण आपली तक्रार एका कंपनीपुरती नाही. न्याय करायचा तर आधी चांगलं सांगावं. पडदा आठ इंची, वाचायला पुरेसा. बॅटरी दिवसभर टिकते. कव्हर दणकट, पोराच्या हातून पडलं तरी निभावेल. बालभारतीची पाठ्यपुस्तकं पीडीएफ स्वरूपात फुकट मिळतात, ती स्वच्छ उघडली. गणिताचे व्हिडिओ न अडखळता चालले. या किमतीत हे मिळतंय ही लहान गोष्ट नाही. त्याबद्दल नाक मुरडणाऱ्यांनी कधी तरी दहा बाय दहाच्या खोलीत तीन भावंडांत एक फोन वाटून घेणाऱ्या घरात जाऊन यावं.

आता उणं. त्यावर दिलेल्या कीबोर्डवर मराठी लिहायला बसलो. 'ॲ' सापडेना. 'दुसऱ्या'मधला 'ऱ्या' काही केल्या नीट उमटेना. दुसरा कीबोर्ड टाकावा म्हटलं, तर परवानगी नाही. मराठी शब्दकोशाचं एक साधं ॲप टाकावं, परवानगी नाही. मुलानं लिहिलेला निबंध पेन ड्राइव्हवर घ्यावा, यूएसबी बंद. पायथन शिकायला एखादा छोटा एडिटर टाकावा, नाही. आणि जी ॲप्स कुणी मागितली नव्हती, ती काढता येईनात.

या दोन प्रकारच्या उणिवांत फरक करायला हवा, तिथेच आजच्या विषयाची मेख आहे. रॅम कमी आहे म्हणून टॅब हळू चालतो, ही एक मर्यादा. ती गरिबीची मर्यादा आहे, पैसे कमी म्हणून सामान कमी. कीबोर्ड बदलता येत नाही, ही दुसरी मर्यादा. ती कुणाच्या तरी इच्छेची मर्यादा आहे. यंत्र ते करू शकतं, पण त्याला करू दिलं जात नाही. वापरणाऱ्या मुलाला दोन्ही सारख्याच वाटतात. 'हा टॅब असाच आहे' म्हणून तो गप्प बसतो. दुसऱ्याची इच्छा जेव्हा निसर्गनियमासारखी वाटू लागते, तेव्हा प्रश्न विचारणंच थांबतं. आमच्या लेखी कुलपाचं सगळ्यात मोठं नुकसान हेच. एका यंत्रात किती शक्ती आहे हा एक प्रश्न, आणि त्या शक्तीवर सत्ता कुणाची हा दुसरा. स्वस्त टॅबच्या जाहिरातीत फक्त पहिल्याचं उत्तर असतं.

कुणी म्हणेल, स्वस्तात हवं तर हे सोसावंच लागेल. हे खरं आहे का? आपल्याच महाराष्ट्रातली दोन उदाहरणं पाहू.

पहिलं रायगड जिल्ह्यातल्या खैराट इथलं. 'एका मुलाला एक लॅपटॉप' ही एमआयटीच्या निकोलस निग्रोपाँटे यांची कल्पना. आपल्या मानव संसाधन विकास मंत्रालयानं २००६ मध्ये ती नाकारली होती. तरीही २००७ मध्ये खैराटच्या छोट्या शाळेत हे हिरवे-पांढरे लॅपटॉप आले. शंभर डॉलरचं स्वप्न होतं, किंमत त्याच्या बरीच वर गेली. प्रकल्पावर टीकाही भरपूर झाली, आणि ती बरीचशी रास्त होती: शिक्षकांची तयारी, दुरुस्ती, वीज, यांचा विचार अपुरा होता. पण त्या यंत्रात दोन गोष्टी होत्या. एक, कीबोर्डवर अशी एक कळ, जी दाबली की चालू असलेल्या उपक्रमाच्या आतली संहिता दिसावी. मुलानं झाकण उघडून पाहावं, ही अपेक्षा कळीवरच कोरलेली. आणि दुसरी, त्यालाही कुलूप होतं! चोरी होऊ नये म्हणून सिस्टिम बंद केलेली होती. पण ज्याच्याकडे यंत्र आहे त्यानं अर्ज केला तर उघडण्याची किल्ली फुकट मिळण्याची तरतूद होती. म्हणजे कुलूप आणि किल्ली एकाच योजनेत बसू शकतात, हे तेव्हाच दिसलं होतं.

दुसरं उदाहरण 'आकाश'चं. ५ ऑक्टोबर २०११ रोजी कपिल सिबल यांनी दिल्लीत जगातला सगळ्यात स्वस्त टॅब म्हणून त्याचं अनावरण केलं. सात इंची पडदा, ३६६ मेगाहर्ट्झचा प्रोसेसर, २५६ एमबी रॅम. पडदा जोरात दाबल्याशिवाय ऐकत नसे, बॅटरी लवकर दम टाकत असे. वस्तू म्हणून तो फसला, याबद्दल दुमत नाही. पुढे हे काम मुंबईच्या आयआयटीकडे आलं आणि ११ नोव्हेंबर २०१२ रोजी राष्ट्रपती प्रणव मुखर्जी यांच्या हस्ते 'आकाश २' आला. हा बरा होता. पण आम्हाला सांगायचं आहे ते पुढचं. आयआयटीच्या लोकांनी याच स्वस्त टॅबवर सी, पायथन, सायलॅब या भाषांत प्रोग्रॅम लिहिण्याची सोय केली. एवढंच नव्हे, अँड्रॉइडच्या जागी पूर्ण जीएनयू-लिनक्स त्यावर चालवून दाखवलं. हे करता आलं, कारण करू दिलं गेलं. 'आकाश'ची शक्ती तोकडी होती, पण दार उघडं होतं. आजच्या टॅबची शक्ती त्याच्या कितीतरी पट, आणि दार बंद. तेव्हा 'स्वस्त म्हणून बंद' हा युक्तिवाद टिकत नाही.

आता कुलपाच्या बाजूनं जे बोललं जातं ते आपण प्रामाणिकपणे ऐकू. पूर्वपक्ष कच्चा मांडून खंडन करणं ही आपली परंपरा नाही.

पहिला मुद्दा पालकांच्या भीतीचा. मोबाइलवर जुगार आहे, झटपट कर्जाचे सापळे आहेत, नको ते सगळं आहे. घरातली आई कामावर असते, तिनं दिवसभर कुठे नजर ठेवायची? दुसरा मुद्दा सार्वजनिक पैशाचा. फुकट दिलेले टॅब महिन्याभरात बाजारात विकायला आले तर करदात्यानं का सोसावं? तिसरा देखभालीचा. एका तालुक्यात पाच हजार टॅब, प्रत्येकावर वेगळी रचना, मग शिक्षकानं शिकवायचं की टॅब दुरुस्त करत बसायचं? तिन्ही मुद्दे खरे आहेत. ज्यानं शाळा चालवली आहे तो त्यांना हसणार नाही.

इथे आपल्याला एका लॉकविरुद्ध दुसऱ्या लॉकची मदत घ्यावी लागेल. जॉन लॉक! सतराव्या शतकातला इंग्रज तत्त्वज्ञ. १६८९ मध्ये निनावी प्रसिद्ध झालेल्या शासनविषयक ग्रंथात तो आईबापांच्या अधिकाराचा विचार करतो. मुलांवर आईबापांची सत्ता आहे, हे तो मान्य करतो. पण ती कशासारखी? तान्ह्या बाळाला गुंडाळलेल्या दुपट्यासारखी. बाळाला ते लागतंच. पण वय आणि समज वाढेल तसं ते सैल होत जातं, आणि शेवटी गळून पडतं. ज्याला आपण दुपट्यात ठेवलं त्याला चालता यावं, हाच दुपट्याचा हेतू असतो. जॉन स्टुअर्ट मिलही १८५९ मध्ये 'ऑन लिबर्टी' लिहिताना मुलांना आपल्या स्वातंत्र्याच्या सूत्रातून वगळतो. पण तेही कायमचं नव्हे, समज येईपर्यंत.

आता ही कसोटी टॅबला लावा. सहावीच्या मुलाला कुलूप, ठीक. पण तोच टॅब तो दहावीत गेल्यावर, अठराचा झाल्यावर, योजना संपल्यावरही तेवढाच घट्ट. हे दुपटं नव्हे, याला बेडी म्हणतात. आम्ही पाहिलेल्या टॅबवर 'वय वाढलं, सैल करा' असं म्हणण्याची कुठलीही जागा नव्हती. कुलपाला मुदत नाही, पायऱ्या नाहीत, अपील नाही. आणि ज्याला मुदत नाही त्याला संगोपन म्हणता येत नाही.

शिवाय कुलपानं मुलं सुरक्षित होतात हेही पूर्ण खरं नाही. अमेरिकेत लॉस एंजेलिसच्या शाळांनी २०१३ मध्ये मुलांना आयपॅड दिले. काही आठवड्यांतच शेकडो मुलांनी त्यातलं नियंत्रण काढून टाकलं, कारण ती एक साधी नोंद पुसायचा प्रश्न होता. मग कुलूप कुणासाठी उरलं? जे आज्ञाधारक होते त्यांच्यासाठी. ज्याच्या घरी कुणी जाणकार दादा-ताई नाही, त्याच्यासाठी.

आणि हा सगळा प्रश्न फक्त लहान मुलांचा नाही. २०२१ मध्ये महाराष्ट्रातल्या अंगणवाडी सेविकांनी सरकारनं दिलेले मोबाइल परत करण्याचं आंदोलन केलं, आठवतं ना? फोन हळू, तापणारे, दुरुस्तीचा भुर्दंड सेविकांवर, आणि पोषणाच्या नोंदीचं नवं ॲप इंग्रजीत. वर्षानुवर्षं मराठीत रजिस्टर चोख ठेवणाऱ्या बायकांना रातोरात अडाणी ठरवणारं यंत्र! त्या काही लहान मुली नव्हत्या. पण ज्याच्या हाती साधन द्यायचं त्याला विचारायचंच नाही, ही वृत्ती तीच. मूल म्हणून ज्याला आपण कुलूप लावायला सुरुवात करतो, त्याला मोठेपणीही मूलच समजायची सवय लागते.

आता आम्ही आमच्या मुख्य म्हणण्याकडे येतो. श्रोते म्हणतील, प्रोफेसर, काहीच नसण्यापेक्षा हे बरं नाही का? हा युक्तिवाद आपण पूर्वी ऐकला आहे. २०१५ मध्ये फेसबुकनं 'फ्री बेसिक्स' आणलं: गरिबांना निवडक संकेतस्थळं फुकट. तेव्हाही म्हटलं गेलं, काहीच नसण्यापेक्षा बरं. देशभर वाद झाला आणि ८ फेब्रुवारी २०१६ रोजी ट्रायनं डेटाच्या दरांत असा भेदभाव करण्यास मनाई केली. त्या वादातून एक गोष्ट स्पष्ट झाली. 'काहीच नाही' आणि 'थोडंसं, आमच्या अटींवर' या दोनच शक्यता आहेत असं भासवणं, हीच खरी चलाखी असते. तिसरी शक्यता नेहमी असते: थोडंसं, पण त्याच्या स्वतःच्या अटींवर.

आणि एकच कुलूप सगळ्यांना सारखं लागत नाही. कोथरूडच्या एखाद्या सुखवस्तू घरात असा टॅब आला तर तो तिथलं तिसरं-चौथं यंत्र असतं. कीबोर्ड नाही जमला? लॅपटॉप आहे. पायथन चालत नाही? वडिलांचा संगणक आहे. त्या मुलासाठी कुलूप ही किरकोळ कटकट. पण ज्या घरात हे एकमेव यंत्र आहे, तिथे टॅबची सीमा हीच त्या मुलीच्या डिजिटल जगाची सीमा होते. तिला संगणक म्हणजे काय हे माहीत होणार ते या टॅबवरूनच. तिला कळणार की संगणक म्हणजे दाखवलेलं बघायची खिडकी, काही करायचं हत्यार नव्हे. श्रीमंताचं मूल यंत्र घडवायला शिकेल आणि गरिबाचं मूल यंत्रात दिलेलं गिळायला शिकेल, अशी वाटणी आपण स्वस्त किमतीच्या नावाखाली करतो आहोत. पुण्यात हे बोलताना संकोच वाटायला हवा. याच शहरात १८४८ मध्ये भिडे वाड्यात जोतीराव आणि सावित्रीबाईंनी मुलींची शाळा काढली. त्या काळी विद्येला कुलूप होतं आणि किल्ली मोजक्या घरांत होती. त्यांचं भांडण कुलपाशी होतं, तितकंच ते किल्ली कुणाकडे याच्याशीही होतं.

काळाचाही एक मुद्दा आहे. आपल्या अप्पा बळवंत चौकात जून महिन्यात काय चालतं? जुनी पुस्तकं विकली जातात, घेतली जातात. ताईचं पुस्तक भावाला, भावाचं शेजारच्याला. पुस्तकाला कुणाचं लॉगिन लागत नाही. कुलूपबंद टॅबचं तसं नाही. तो एका नावाला, एका सर्व्हरला, एका कंपनीच्या तब्येतीला बांधलेला असतो. आंध्र प्रदेश सरकारनं डिसेंबर २०२२ मध्ये आठवीच्या मुलांना टॅब दिले, त्यात 'बायजूज'चा अभ्यास भरलेला होता. जुलै २०२४ मध्ये त्या कंपनीविरुद्ध दिवाळखोरीची प्रक्रिया सुरू झाली. आम्ही कुणाच्या पडत्या काळावर टीका करत नाही. व्यापार आहे, चढउतार व्हायचेच. पण शिक्षणाचं साधन कंपनीच्या चढउताराला बांधावं का? कुलूप लावणारा निघून गेला, तर आतल्यानं काय करायचं?

आपल्या तपकीर गल्लीत जा. तिथे बसलेला कारागीर फुटलेला पडदा बदलेल, फुगलेली बॅटरी बदलेल. त्याच्या हातात विद्या आहे. पण बूटलोडरच्या कुलपापुढे तोही हात टेकतो. कंपनीनं सुरक्षेचे अपडेट बंद केले, ॲप्स म्हणाली जुनी सिस्टिम चालणार नाही, की धडधाकट टॅब कचरा होतो. त्याच टॅबवर हलकी, खुली सिस्टिम टाकून आणखी चार-पाच वर्षं वाचनासाठी वापरता आला असता. केंद्र सरकारनं डिसेंबर २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्काचं पोर्टल सुरू केलं, हे चांगलंच झालं. पण दुरुस्ती म्हणजे नुसता स्क्रू आणि सुटा भाग नव्हे. सॉफ्टवेअरची दुरुस्ती करण्याचा हक्क त्यात धरला नाही तर तो हक्क अर्धाच.

महाराष्ट्राला ही गोष्ट समजायला कूळ कायद्याची आठवण पुरे. १९४८ चा कायदा, आणि मग १ एप्रिल १९५७ चा कृषक दिन. त्याच्या मागचं तत्त्व काय होतं? जो कसतो, त्याचा जमिनीशी असलेला संबंध नुसता मेहरबानीचा असू नये, हक्काचा असावा. कूळ वर्षानुवर्षं राबायचं, पण बांधावर झाड लावायचं तरी विचारावं लागायचं. कुलूपबंद टॅबचा वापरणारा हा नवं कूळ आहे. फरक एवढाच की जुन्या कुळाला आपण कूळ आहोत हे माहीत होतं.

तेव्हा आमचा निवाडा असा. हा टॅब वाचनासाठी, व्हिडिओसाठी, सरावासाठी चांगला आहे. ज्यांच्या घरी काही नाही त्यांनी मिळाला तर जरूर घ्यावा, तत्त्वासाठी मुलाला रिकाम्या हातानं बसवू नये. पण देणाऱ्यानं, मग ते सरकार असो, संस्था असो की देणगीदार, चार प्रश्नांची लेखी उत्तरं दिल्याशिवाय त्याला चांगली देणगी म्हणता येणार नाही. कुलूप कशासाठी आहे? ते किती दिवसांसाठी आहे? वय आणि इयत्तेबरोबर ते सैल कसं होईल? आणि शेवटी किल्ली कुणाला, कधी मिळेल? निविदेत रॅम किती आणि पडदा किती हे लिहितात, त्याच कागदावर आणखी एक ओळ लिहायची: योजनेची मुदत संपताच नियंत्रण काढलं जाईल आणि बूटलोडर उघडण्याची सोय लाभार्थ्याला दिली जाईल. या ओळीला फार पैसे लागत नाहीत. म्हणूनच ती नसते तेव्हा पैशाचं कारण देता येत नाही.

वेळ होत आला. एक-दोन प्रश्न घेऊ.

एका ताईंनी विचारलं आहे: माझ्या मुलीला असा टॅब मिळाला आहे, मी आज काय करू? ताई, तीन गोष्टी करा. तिचं लिखाण, चित्रं, टिपणं त्या टॅबमध्येच अडकू देऊ नका. ईमेलनं का होईना, दर आठवड्याला बाहेर काढा. दुसरं, योजनेच्या अर्जाची आणि अटींची प्रत जपून ठेवा, मुदत संपल्यावर टॅब कुणाचा हे त्यात काय लिहिलंय ते वाचा. लिहिलंच नसेल तर लेखी विचारा. आणि तिसरं, मुलीला सांगा की 'हा टॅब असाच आहे' हे खरं नाही, 'हा टॅब असा ठेवला आहे' हे खरं आहे.

दुसरा प्रश्न एका शिक्षकांचा: कुलूप काढलं तर मुलं वाया जाणार नाहीत याची हमी कोण देईल? सर, हमी कुणीच देऊ शकत नाही. कुलूपही देत नाही. आपण वर्गात मुलांच्या हातात कंपास पेटी देतो. कर्कटकाला टोक असतं, क्वचित कुणाला लागतंही. म्हणून आपण बोथट कर्कटक देत नाही, कारण बोथट टोकानं वर्तुळ निघत नाही. आपण शेजारी उभे राहतो. शेजारी उभं राहायला माणूस लागतो, त्याला पगार लागतो, वेळ लागतो. कुलूप त्याहून स्वस्त पडतं. टॅबची खरी किंमत काढताना आपण कुणाच्या ऐवजी कुलूप ठेवलं, तेही हिशेबात धरावं, एवढंच आमचं म्हणणं.